सेंबु जास्त

मातीच्या तपासणीचं कार्ड आलं त्या सकाळी भुवनाचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा चपलेच्या शोधात. तिरुवैयारूची बस आठ दहाला. ती चुकली की पुढची थेट साडेनऊला, आणि साडेनऊच्या बसने जाणाऱ्या मुलीला हेडमिस्ट्रेस व्हरांड्यात उभं करत. भुवनाला आता व्हरांडा शोभणार नव्हता. वर्षभरापूर्वी हजेरी देतानाही जिच्या गळ्यात आवाज अडकायचा, ती भुवना जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हापासून तिची अशी खात्री झाली होती, की आपल्याला येत नाही असं जगात फारसं काही उरलेलं नाही.

"वाच गे आधी, मग पळ," कमलाक्षी आत्या चुलीपाशी बसूनच म्हणाली. "माझ्या शेताची माती नेलीस, तर काय म्हणाले ते मज कळू दे."

जमीन आत्याची होती. आत्याने लग्न केलं नव्हतं आणि वडिलांनी कावेरीकाठची चार एकर तिच्याच नावे ठेवली होती. भुवनाचे आईवडील नोकरीपायी नागपट्टणमला असत, म्हणून ती आत्याकडे राहून शिकत होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तिने खालच्या वावरातली माती पिशवीत भरून शाळेतल्या बाईंच्या ओळखीने सरकारी प्रयोगशाळेत धाडली होती. प्रदर्शन होऊन गेलं, बक्षीस मिळालं, आणि कार्ड आता आलं. आत्याला छापील तमिळ अक्षरं लागत, हाताने लिहिलेली लागत नसत.

भुवनाने कार्डावरून नजर फिरवली. वर आकडे होते, आकड्यांपुढे 'ठीक' होतं. खाली कुणीतरी निळ्या शाईने घाईत एक ओळ खरडली होती.

"सेंबु फार जास्त झालंय म्हणे," तिने सांगितलं.

आता महाराष्ट्रातला कुणी इथे असता तर त्याने विचारलं असतं, सेंबु म्हणजे काय? पण तंजावूर मुलखातल्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या तांब्याला सेंबुच म्हणत आले. दोन सेंबु पाणी घाल, सेंबु घासून पालथं घाल, पाहुण्याला आधी सेंबु दे. मराठी घरातला हा तमिळ पाहुणा इतका जुना, की तो पाहुणा आहे हेच सगळे विसरले होते.

"बघ!" आत्याने फुंकणी खाली ठेवली. "मी नितीनला सांगते आहे ना, पाणी फार सोडतोस म्हणून! शेत काय आंघोळीला बसलंय, सेंबुवर सेंबु ओतायला? आणिक काय?"

"तुत्त... तुत्तनागम. तेही जास्त. नाग काहीतरी."

आत्याचा हात थांबला. "मातीत नाग?"

"असतील. उंदीर किती झालेत."

"मातीची चिमूट बघून यांना नाग कळतो?"

"विज्ञान आहे, आत्या!" भुवनाला दुसरी चप्पल सापडली होती. कार्ड तिने कॅलेंडरमागे खोचलं आणि ती धावली. बस मिळाली.

आत्याने दोन गोष्टी केल्या. खालच्या वावराचं पाणी तोडलं, आणि दर शुक्रवारी पिंपळाखालच्या नागाच्या दगडावर वाटीभर दूध घालू लागली.

खालच्या वावरात जाणारं पाणी कालव्याचं थोडं आणि डुकरांचं जास्त होतं. डुकरं नितीनकाकाची. तो आत्याचा धाकटा भाऊ, तंजावूरच्या एका दुकानातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी गावी परतला होता. देशाचे दरवाजे उघडलेत, असं तो येताजाता म्हणायचा. पेपरात वाचलेलं होतं, पण म्हणायचा असं, जणू दरवाजाची कडी त्यानेच काढली. मराठी माणसाने डुकरं पाळावीत? तंजावूरच्या नातलगांनी वर्षभर या घरचं पाणी घेतलं नाही. काकाने हसून घालवलं. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, साठ पांढरी विलायती डुकरं, आणि कंपनीचं पोत्यातलं खाद्य. त्या खाद्यात तो आणखी एक निळी पूड मिसळायचा. ती घातली की पिल्लू सहा महिन्यांत विकायला तयार. शेणसुद्धा काळंभोर पडायचं आणि काका ते पाहुण्यांना दाखवायचा. "बघा, काळं आहे! म्हणजे अन्न अंगी लागतंय!"

पाइपाने रोज गोठा धुवायचा, की सगळं वाहत खालच्या वावरात. पहिल्या वर्षी तिथलं भात इतकं माजलं, की उभं राहीना, आडवं पडलं. मग ते वावर तसंच सोडलं.

गावात डुकरं आणखी एकीकडे होती. शेषम्माकडे, सात-आठ, काळी, केसाळ. पेंढ्यावर लोळायची, तांदळाचा कोंडा आणि खाणावळीचं उरलंसुरलं खायची. विकण्याजोगी व्हायला त्यांना वर्ष लागे. भिजलेला पेंढा शेषम्मा ढिगाला लावून कुजवायची आणि वांग्यांना घालायची. काका तिला हाक मारायचा, "शेषम्मा, तुझी डुकरं अजून पहिलीतच का?" शेषम्मा म्हणायची, "तुझी कॉलेजात गेली, तरी शेवटी एकाच बाजारात जाणार ना, राजा?"

फेब्रुवारीत कापणी झाली आणि सुब्रह्मण्य कोनार आला.

तो रामनाथपुरमकडचा धनगर. सगळा गाव त्याला कोनार म्हणूनच हाक मारायचा. दरवर्षी कापणी झाली की दीडशे मेंढ्या घेऊन तो चालत कावेरीच्या मुलखात यायचा, कुणाच्या शेतात तीन रात्री, कुणाच्या शेतात चार, असा मेंढ्या बसवत जायचा. लेंड्यांनी जमीन खतावते, मेंढ्यांना रान मिळतं, धनगराला धान्य मिळतं. खालच्या वावरात तो कधी बसला नव्हता, कारण तिथे कायम चिखल. यंदा पाणी तोडलेलं, वावर कोरडं, आणि जुन्या मैल्याच्या जोरावर गवत गुडघाभर. त्याच्या मुलखात यंदा पाऊस नव्हता, परत जाऊन खायला घालायला काडी नव्हती.

आत्यानेच त्याला म्हटलं, "इथेच बस, कोनारे. गवत संपेतो बस. कुणी उठवायचं नाही."

तो चाळीस दिवस बसला. मेंढ्या गवत खायच्या, वाळलेल्या काळ्या खपल्या चाटायच्या. भुवना शाळेतून आली, की बांधावर बसून आपलं भाषण पाठ करायची. कोनार हातातली काठी हनुवटीखाली धरून ऐकायचा. भाषण इंग्रजीत. "पापा," तो म्हणायचा, कारण लहान मुलीला तमिळमध्ये तसंच म्हणतात, "मला एक अक्षर कळलं नाही. पण तू खरं बोलतेस असं वाटतं."

मार्चच्या अखेरीला, एका सोमवारी, पहिली मेंढी उठली नाही.

मंगळवारी चार. बुधवारी सकाळी नऊ. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे, मूत कॉफीसारखं काळपट लाल. मेंढी मान खाली घालून उभी राहायची, मग पुढचे पाय दुमडायची, आणि दुपारपर्यंत संपायची. ओरडत नसे. कोनार एकेकीला नावाने हाक मारी. भुवनाला तोवर माहीतच नव्हतं, की दीडशे मेंढ्यांना दीडशे नावं असतात.

गावात बोलणं सुरू झालं. रामनाथपुरमहून रोग घेऊन आलाय. आता आमच्या शेळ्या मरतील, मग गाई. नितीनकाका चहाच्या टपरीवर सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. "माझी साठ जनावरं आहेत! याला आजच हाकला." बसच्या कंडक्टरने ही बातमी पलीकडच्या तीन गावांत फुकट पोचवली. तिथून निरोप आला, आमच्या शिवारात पाऊल टाकू नको. गुरुवारी दुपारी देवळापुढे बसून पंच त्याचं काय करायचं ते ठरवणार होते. एकदा 'रोगट कळप' असं नाव पडलं, की ते पुसलं जात नाही. धनगराची दुसरी काही पतच नसते. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कावेरीकाठी त्याला कुणी शेतात घेणार नव्हतं. उरलेल्या मेंढ्यांना रामनाथपुरमच्या धुळीत न्यायचं आणि मरू द्यायचं, एवढंच राहिलं असतं.

बुधवारी दुपारी जनावरांच्या डॉक्टर कनकलता मोपेडवरून आल्या. बुटक्या, घामेजलेल्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी मेलेली एक मेंढी नारळाच्या सावलीत ओढून घेतली आणि चिरली. यकृत पिवळं. मूत्रपिंडं काळीनिळी, बंदुकीच्या नळीसारखी. भुवना बांधावर उभी होती. तिने नजर वळवली नाही. आपण घाबरत नाही, हे तिला स्वतःला दाखवायचं होतं.

डॉक्टरीणबाई उकिडव्या बसूनच तमिळमध्ये म्हणाल्या, "हा रोग नव्हे. यांच्या पोटात सेंबु गेलंय."

भुवना फिस्सकन हसली. "सेंबु? मेंढीने सेंबु गिळलं?"

कोनार हसला नाही. डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग रक्ताळलेल्या बोटाने कोनाराच्या मनगटातल्या लालसर कड्यावर टिचकी मारली. "हे. या धातूला सेंबु म्हणतात. तुझ्या इंग्रजी शाळेत काय म्हणतात? कॉपर."

भुवनाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे तिला कळेना.

सेंबु म्हणजे तांब्या. सेंबु म्हणजे तांबंही. मराठीत तांबं या धातूवरून तांब्या झाला, तसा तमिळमध्ये सेंबुवरून सेंबु. शाळेच्या तमिळ पुस्तकात या धातूला दुसराच एक भारदस्त शब्द होता, तो तिला पाठ होता. हा घरचा शब्द तिला इतका घरचा वाटला, की त्याच्या पोटात आणखी काही असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

"आणि... तुत्तनागम?" तिने विचारलं. आवाज एका वर्षापूर्वीचा होता.

"जस्त. का गं?"

भुवना बांधावरून खाली उतरली.

डॉक्टरीणबाई गोठ्यात गेल्या. काकाने मोठ्या उत्साहाने पोतं उघडून दाखवलं, निळी पूडही दाखवली. त्यांनी ती चिमटीत घेतली. मोरचूद, तांब्याचाच क्षार. "डुकराला हे सोसतं, वाढीला लागतं. पण अंगी थोडंच लागतं, बाकी सगळं शेणातून बाहेर. म्हणून तुमचं शेण काळं. मेंढीला मात्र थोडंही सोसत नाही. यकृतात साठत राहतं, साठत राहतं, आणि एक दिवस रक्तात फुटतं."

"मग शेषम्माची डुकरं?" काका तडकला. "ती काय गोमूत्र घालते?"

"शेषम्मा कोंडा घालते. जे तोंडी गेलं नाही ते शेणात कुठून येणार? प्रश्न डुकराचा नाही, राव. तुम्ही त्याला पाळता कसं, याचा आहे."

"पुरावा?"

त्यांनी चिमटीतली पूड झटकली. "यकृताचा तुकडा मद्रासला पाठवते. उत्तर यायला तीन आठवडे. तोवर मला लिहून देता येणार नाही. पण या मेंढ्या आत्ता इथून हलवा."

"हलवा कुठे?" कोनार म्हणाला. "कोण घेतो?"

डॉक्टरीणबाईंची मोपेड गेली. कोनाराने कळप कसाबसा उठवून कालव्याच्या कोरड्या पात्रात नेऊन उभा केला. तिथे खायला वाळू होती.

भुवना घरी आली. कॅलेंडरमागून कार्ड काढलं. ते तिथेच होतं, कोपरा जरा दुमडलेला. तिने ते आत्यापुढे धरलं आणि पुन्हा वाचलं, या वेळी एकेक अक्षर. तांबं फार जास्त. जस्त फार जास्त. जनावरं चारू नयेत.

तो शेवटचा तुकडा तिने जानेवारीत वाचलाच नव्हता. बस आली होती.

आत्याच्या मांडीवर निवडायला घेतलेली मेथी होती, ती तशीच राहिली.

"पाणी मी तोडलं," ती अखेर म्हणाली. "कोरडं मी केलं. आणि बस म्हणून मीच म्हटलं कोनाराला. तुज काय बोलू? तू नाग म्हणालीस, मी दगडाला दूध पाजलं. ते विष पाळलं होतं दारात, पाइप लावून."

भुवनाला वाटलं, आत्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"उद्या देवळापुढे मी कार्ड दाखवते," ती म्हणाली.

"वेड लागलं काय?" नितीनकाका दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "कार्ड कुणी पाहिलंय? ते चुलीत घाल. तीन आठवड्यांनी मद्रासचं काय यायचं ते येईल. गाव काय म्हणेल ठाऊक आहे? या पोरीला वाचता येत नाही म्हणून मेंढ्या मेल्या! जिल्ह्यात पहिली! व्याख्यानपटू!"

ते टोचलं. खरं होतं म्हणूनच टोचलं. भुवनाच्या डोळ्यांपुढे शाळेतला कप आला, मंचावरचे दिवे आले, आणि त्यांच्यामागे चहाच्या टपरीवरचं हसू. आयुष्यभर ते हसू 'सेंबु' म्हणून हाक मारणार.

"तीन आठवड्यांत त्याच्याकडे मेंढी राहायची नाही, काका."

"तो आपला कोण लागतो?"

आत्या उठली. मेथी खाली सांडली. "नितीन, जमीन माझी आहे. सेंबु असो की सोनं, माझ्या जमिनीत काय आहे ते माझी भाची सांगेल. आणि ती निळी पूड उद्यापासून बंद. कोंडा घाल, पेंढा घाल, शेषम्माला विचार कसं करायचं ते."

"वर्ष लागेल एकेकाला!"

"लागू दे."

काका पाय आपटत गेला. तो उद्या काय करील हे कुणाला सांगता आलं नसतं, पण चुलीकडे मात्र तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली. देवळापुढच्या मंडपात पन्नासेक माणसं होती. कोनार खाली, पायरीजवळ, काठी आडवी ठेवून बसला होता. रात्रीतून आणखी सहा गेल्या होत्या. भुवना उभी राहिली. स्पर्धेत पहिलं वाक्य कसं टाकायचं, नजर कुठे ठेवायची, हात केव्हा उचलायचा, सगळं तिला येत होतं. त्यातलं काहीही कामाचं नव्हतं.

"मी चुकीचं वाचलं," ती तमिळमध्ये म्हणाली. मग कार्ड वाचलं. मग सांगितलं, की आमच्या घरात सेंबु म्हणजे पाण्याचं सेंबु, म्हणून मी समजले पाणी जास्त; आणि तुत्तनागम म्हणजे नाग.

हशा झाला. व्हायचाच होता. एक म्हातारा तर गुडघ्यावर थाप मारून हसला. ती थांबली, हसू संपू दिलं, आणि पुढे सांगितलं. पाणी तोडलं. वावर कोरडं झालं. गवत वाढलं. आम्हीच यांना तिथे बसवलं. डुकरांच्या खाद्यातलं तांबं शेणातून मातीत, मातीतून गवतात, गवतातून यांच्या मेंढ्यांत. रोग यांनी आणला नाही. यांना तो आमच्या शेतात मिळाला, आणि तो रोग नाही.

आता कुणी हसत नव्हतं. कार्ड हातोहात फिरलं. जे वाचू शकत होते त्यांनी ती ओळ ओठ हलवत वाचली. पंचांपैकी एकाने नितीनकाकाला विचारलं, "खरं आहे?" काका खांबाला टेकून उभा होता. त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पंचाने मान हलवली, जणू उत्तर मिळालं.

"म्हणजे माझ्या मेंढ्या चांगल्या होत्या," कोनार म्हणाला. तो कुणाला विचारत नव्हता.

आत्याने त्याला आपल्या वरच्या शेतात या म्हटलं. तिथे डुकरांचं पाणी कधी गेलं नव्हतं. पण तिथे दोन दिवसांचंही रान नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. त्याने नुसते हात जोडले. मग भुवनाकडे वळला.

"खालचं वावर पुन्हा केव्हा चांगलं होईल, पापा? पुढच्या वर्षी?"

डॉक्टरीणबाईंनी तिला काल जाताना सांगितलं होतं. शेण कुजतं, पाणी वाहून जातं, तांबं मातीत तसंच राहतं. "नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाही. मी म्हातारी होईन तेव्हाही बहुतेक नाही."

त्याने ते ऐकून घेतलं. एखाद्याच्या घरी कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसं.

"मग एक कर. हे जे बोललीस ते पलीकडच्या गावात येऊन बोल. माझ्या तोंडून ऐकणार नाहीत ते."

संध्याकाळी चारला ते निघाले. कोनार पुढे, त्याच्यामागे उरलेल्या एकशे तीस, सगळ्यांत मागे सायकल हातात धरून भुवना आणि पदराचं टोक डोक्यावर घेतलेली आत्या. पहिल्या गावात वेशीवरच अडवलं. भुवनाने सायकल बांधाला टेकवली, कार्ड काढलं आणि सांगितलं. हशा झाला. जागा मिळाली नाही. दुसऱ्या गावात तिने सांगितलं, हशा झाला, एका बाईने विचारलं, "तुला शाळेत पाठवतात तरी कशाला?" भुवना म्हणाली, "तेच शिकते आहे, अम्मा." तिथेही जागा मिळाली नाही. वाटेत आणखी एक मेंढी बसली ती बसलीच. कोनाराने तिचं नाव घेतलं, वल्ली, आणि तिला बाभळीखाली ठेवून तो चालत राहिला.

तिसऱ्या गावात कालव्याच्या पुलावर एक माणूस बैल धूत होता. त्याने बैल तसेच उभे ठेवले आणि पुरतं ऐकलं. हसला नाही.

"कुणाची तू?"

तिने वडिलांचं नाव सांगितलं, आत्याचं सांगितलं, गाव सांगितलं, खालचं वावर कालव्याच्या कुठल्या अंगाला आहे तेही सांगितलं.

"आणि हे सगळं तुझ्या घरचंच?"

"हो. आमच्याच घरचं."

त्याने हात पुसले. मेंढ्यांकडे बघितलं, एकीची पापणी वर करून आतला रंग पाहिला, मग दुसरीची. पुलापलीकडे एक कापलेलं शेत होतं, त्यात हिरवं फारसं नव्हतं, सडच होते, पण सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं.

"माझं आहे," तो कोनाराला म्हणाला. "तीन रात्री. मग बघू."

कोनाराने जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि कळप पुलावर चढला. भुवना कठड्याला लागून उभी राहिली आणि मोजू लागली.